इंग्रजीत ही, शी, इट की दे? सर्वनाम नेमकं कुठे चुकतं आणि बरोबर कसं निवडायचं

मागे एकदा नववीतल्या एका मुलाची वही तपासत होते, निबंधाचा विषय 'माय फॅमिली'. आईवरचा परिच्छेद एकदम स्वच्छ. 'माय मदर इज अ टेलर. शी वर्क्स ॲट होम. शी स्टिचेस ब्लाउजेस.' एकही लाल खूण करावी लागली नाही. आणि लगेच खाली वडिलांवरचा परिच्छेद, 'माय फादर इज अ फार्मर. दे वेक अप ॲट फाइव्ह. दे गो टू द फील्ड. देअर बुलक्स आर व्हाइट.' मुलगा तोच, पेन तेच, मधे दोन मिनिटं पण गेली नसतील, आणि एका परिच्छेदात सगळं बरोबर तर दुसऱ्यात ओळीने सगळं चूक.

मी त्याला विचारलं, घरी आई बाजारातून आली की काय म्हणतोस? म्हणाला, 'आई आली.' आणि बाबा? 'बाबा आले.' बस, उत्तर तिथेच मिळालं. त्याला ही आणि दे मधला फरक माहीत नव्हता असं अजिबात नाही, त्याने फक्त 'ते शेतावर जातात' हे मनातलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. मराठीत ते वाक्य शंभर टक्के बरोबर आहे.

म्हणून मला हा विषय जरा बैजवार लिहावासा वाटला. इतकी वर्षं शिकवताना माझं एक मत पक्कं झालंय की आपल्या मुलांची, आणि ऑफिसात मेल लिहिणाऱ्या मोठ्यांची सुद्धा, इंग्रजी सर्वनामं चुकतात ती बहुतेक वेळा इंग्रजी कच्चं म्हणून नाही तर मराठी पक्कं म्हणून. मराठीची एखादी सवय नकळत तिकडे जाते. ती सवय कोणती हे एकदा कळलं की चूक स्वतःलाच दिसायला लागते, नियमांची लांबलचक यादी पाठ करायची गरज पडत नाही.

आधी बाण काढा

सर्वनाम म्हणजे नामाच्या जागी येणारा शब्द, हे आपण चौथी पाचवीपासून ऐकतोय. ते ज्या नामाच्या जागी आलंय त्या नामाला इंग्रजी व्याकरणात अँटिसिडंट म्हणतात, मी इथे साधं 'मूळ नाम' म्हणते. सर्वनाम आणि मूळ नाम यांचा मेळ बसायला हवा, एवढाच सगळा मामला आहे.

पहिली पायरी अशी. लिहून झालं की वाक्यातल्या ही, शी, इट, दे, हिज, हर, इट्स, देअर, हिम, देम या शब्दांना पेन्सिलने गोल करा आणि प्रत्येक गोलापासून मागे एक बाण काढा, तो शब्द ज्याच्याबद्दल आहे त्या नामापर्यंत. खरंच काढा, मनात नाही, कागदावर. मोबाईलवर लिहीत असाल तर बोट ठेवून मागे जा. बाण जर कुठेच जाऊन टेकत नसेल, किंवा दोन ठिकाणी टेकत असेल, तर चूक तिथेच सापडली.

बाण टेकला की त्या नामाला तीन प्रश्न विचारायचे. एक की अनेक? बोलणारा, ऐकणारा की तिसरा कोणी? आणि पुरुष, बाई की वस्तू? या तिघांची उत्तरं सर्वनामाशी जुळली की झालं. यातला पहिला प्रश्न सगळ्यात जास्त गोंधळ घालतो म्हणून त्यावरच जास्त वेळ घालवूया.

आदर आणि आकडा

मराठीत अनेकवचन दोन कामं करतं. माणसं जास्त असली की वापरतो आणि माणूस मोठा असला की पण वापरतो. 'सर आले', 'आजोबा झोपलेत', 'मॅडम म्हणाल्या'. इंग्रजीतलं दे फक्त डोकी मोजतं. सर एकच आहेत ना? मग ही. मॅडम एकच आहेत? मग शी. आजोबांचं वय नव्वद असो, तरी ही.

ऑफिसात यामुळे खरंच घोळ होतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने परदेशातल्या क्लायंटला मेल टाकला होता की 'मॅडम इज ऑन लीव्ह, दे विल जॉइन द कॉल ऑन मंडे.' तिकडून उत्तर आलं, छान, एकूण किती जण येणार आहेत? त्या माणसाने दे वाचलं आणि लोक मोजले, त्याचं काहीच चुकलं नाही.

मुलांना इथे एक अडचण येते आणि ती मी मनापासून समजू शकते. शिवाजी महाराजांवर निबंध लिहिताना 'ही' लिहायला हात धजत नाही, 'तो' म्हटल्यासारखं वाटतं. पण इंग्रजीतला ही म्हणजे मराठीतला एकेरी 'तो' नव्हे. त्यात आदरही नाही आणि अनादरही नाही, फक्त एक पुरुष एवढीच माहिती आहे. 'शिवाजी महाराज वॉज बॉर्न ॲट शिवनेरी इन १६३०. ही वॉज क्राउन्ड ॲट रायगड इन १६७४.' यात कुठेही मान कमी होत नाही, कारण इंग्रजी आदर दुसरीकडे ठेवतं, नावाआधीच्या पदवीत, 'वुड यू', 'मे आय' अशा विनंतीच्या शब्दांत. 'हिज एक्सलन्सी द गव्हर्नर' इतकी मोठी पदवी लावली तरी पुढे ही आणि हिजच येतं. देवाबद्दल लिहिताना अनेक जण ही चं पहिलं अक्षर कॅपिटल करतात, पण तिथेही दे करत नाहीत.

आणि हेच उलट बाजूने बघा. 'जोतिराव अँड सावित्रीबाई फुले ओपन्ड अ स्कूल फॉर गर्ल्स इन पुणे इन १८४८. दे...' इथे दे बरोबर आहे, आणि ते आदरासाठी नाही तर माणसं दोन आहेत म्हणून. फक्त सावित्रीबाईंबद्दल लिहिलं की लगेच शी.

एक गंमतीची गोष्ट सांगते, मुलांना आवडते आणि लक्षात राहते. इंग्रजीत पूर्वी आपल्या तू आणि तुम्हीसारखी जोडी होती, जवळच्याला किंवा लहानाला 'दाउ' आणि मोठ्याला किंवा अनेकांना 'यू'. पुढे दाउ बोलण्यातून गेलं आणि सगळ्यांनाच यू म्हणायला लागले, म्हणून तर समोर एकटा माणूस असला तरी आपण 'यू आर' म्हणतो, 'यू इज' नाही. म्हणजे समोरच्याशी बोलताना आदरार्थी बहुवचन त्यांच्याकडेही होतं, पण जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलताना ते कधी रुजलं नाही. आपलं 'ते म्हणाले' तिथे चालत नाही ते यामुळे.

तर दुसरी पायरी, दे, देम किंवा देअर लिहिलं की थांबा आणि बोटं मोजा. एकच बोट उभं राहिलं तर दे बहुतेक चुकलंय. बहुतेक म्हणतेय कारण एक अपवाद आहे, तो पुढे येतोच.

खुर्ची ती, टेबल ते

मराठीत निर्जीव वस्तूला पण लिंग आहे, ट्रक तो, बस ती, विमान ते. आपण हे श्वास घेतल्यासारखं बोलतो त्यामुळे इंग्रजीत 'आय बॉट अ न्यू स्कूटी, शी इज रेड' असं सहज निघून जातं. वस्तू म्हटलं की इट, मराठीत तिचं लिंग काहीही असो. जहाजाला शी म्हणायची जुनी पद्धत आहे, पण जहाज व्यवसायाचं लंडनचं नामांकित वर्तमानपत्र लॉइड्स लिस्ट यानेही २००२ पासून जहाजाला इट लिहायला सुरुवात केली. देशालाही आता इटच लिहितात.

प्राण्याला साधारण इट, पण घरातला कुत्रा असेल आणि त्याला नाव असेल तर ही किंवा शी म्हटलेलं चांगलं वाटतं, मालकासमोर त्याच्या कुत्र्याला इट म्हटलं तर त्याला ते आवडत नाही. तान्ह्या बाळाचंही तसंच, आपण 'ते बाळ', 'ते मूल' म्हणतो म्हणून इट सुचतं, आणि मुलगा की मुलगी माहीत नसेल तर ते चालतंही, पण आईशी बोलताना विचारून घ्या आणि ही किंवा शी म्हणा. गोव्याच्या आणि तळकोकणातल्या वाचकांनी इथे जरा जपावं, कारण तिकडे मुलीला चेडूं म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे मुलीबद्दल बोलताना मनात 'तें' असतं. इंग्रजीत मुलगी कायम शी.

'त्याची' मधलं 'त्या' बघा, 'ची' बघू नका

हिज आणि हर मधे गडबड झाली की वाक्य फारच विचित्र होतं. 'राजेश कॉल्ड हर वाइफ.' वाचणाऱ्याला वाटतं ही मधेच कोण बाई आणि तिची बायको? हे होतं कारण आपल्या शब्दाला दोन टोकं आहेत. 'त्याची बायको' यात पुढचा तुकडा 'त्या' मालकाबद्दल सांगतो आणि शेवटचा 'ची' बायकोबद्दल. घाईत नजर 'ची' वर जाते, स्त्रीलिंगी दिसतं आणि हर लिहिलं जातं. इंग्रजीला शेवटचं टोकच नाही, त्यांना फक्त मालकाशी मतलब. म्हणून शब्दाचा पुढचा तुकडा बघायचा. 'त्या' असेल तर हिज, 'ति' असेल तर हर. त्याची बहीण म्हणजे हिज सिस्टर, तिचा भाऊ म्हणजे हर ब्रदर. मालक वस्तू असेल तर दोन्हीला इट्स. 'गाडी धुतली, तिचा आरसा तुटलाय', इट्स मिरर. 'त्यांचा' आलं तर परत बोटं मोजा, मालक खरंच अनेक आहेत की आदर आहे?

यात मराठी माणसाची खरं तर सोय आहे. हिंदीत 'उसकी' वरून मालक पुरुष की बाई हे कळतच नाही, आपल्या 'त्याची' आणि 'तिची' मधे ते स्पष्ट आहे. म्हणून जे मनात हिंदीतून वाक्य बनवतात त्यांनी ते मराठीतून बनवून बघावं.

आता 'आपला'. 'रमेशने आपली गाडी विकली' म्हणजे स्वतःची, आणि 'रमेशने त्याची गाडी विकली' म्हणजे साधारणपणे दुसऱ्या कोणाची तरी. इंग्रजीत दोन्हीला 'हिज कार', आणि वाचणारा स्वतःचीच धरून चालतो. दुसऱ्याची असेल तर नाव घालावंच लागतं, 'रमेश सोल्ड सुरेश्स कार.' तिथे सर्वनामाच्या भरवशावर राहू नका.

स्पेलिंगचं एकाच वाक्यात सांगते, मालकीचं इट्स बिनअपॉस्ट्रॉफीचं, अपॉस्ट्रॉफी आली की ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतं, आणि मालकीचं देअर म्हणजे टी-एच-ई-आय-आर.

एव्हरीवन, ईच आणि झाकायचं बोट

एव्हरीवन, एव्हरीबडी, समवन, एनीवन, नोबडी, ईच, हे शब्द मनात गर्दी उभी करतात पण व्याकरणात एकवचनी आहेत, म्हणून तर 'एव्हरीवन इज हिअर' म्हणतो, 'आर हिअर' नाही. मराठीत 'सगळे आलेत' असं अनेकवचन येतं त्यामुळे कान फसतो. मराठीतच जवळचा शब्द हवा असेल तर 'सगळे' नको, 'प्रत्येक जण' घ्या. 'प्रत्येक जण आला' हे एकवचनच आहे ना, एव्हरीवन तसंच आहे.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मधे ऑफ येतो तो. 'वन ऑफ माय सिस्टर्स लॉस्ट देअर पर्स.' सिस्टर्स दिसलं आणि देअर लिहिलं. इथे मी मुलांना बोटाने झाकायला लावते, ऑफ पासून सिस्टर्सपर्यंत बोट ठेवायचं आणि उरलेलं वाचायचं. 'वन लॉस्ट हर पर्स.' पर्स एकीची हरवली, म्हणून हर. 'ईच ऑफ द बॉइज ब्रॉट हिज टिफिन' तसंच. दहा पंधरा वाक्यं अशी झाकून वाचली की पुढे बोटाची गरज राहत नाही, डोळाच झाकून घेतो. फक्त ऑल, सम, मोस्ट या शब्दांपुढे बोट ठेवू नका, तिथे ऑफ नंतरचंच नाम ठरवतं. 'ऑल ऑफ द मिल्क हॅज लॉस्ट इट्स टेस्ट', आणि 'ऑल ऑफ द गर्ल्स हॅव ब्रॉट देअर टिफिन्स'.

आता तो अपवाद. वर्गात मुलं मुली दोन्ही आहेत, 'एव्हरीवन शुड ब्रिंग...' पुढे काय, हिज? हर? पूर्वी व्याकरणाची पुस्तकं सरळ हिज सांगायची. कायद्यातही तेच होतं, १८६० च्या इंडियन पीनल कोडच्या कलम ८ मधे लिहिलेलं होतं की ही हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कोणत्याही व्यक्तीसाठी वापरलंय. १ जुलै २०२४ ला त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम २ मधल्या व्याख्येत पुरुष, स्त्री यांच्याबरोबर ट्रान्सजेंडर व्यक्तीही आली आहे. सर्वनामाचा अर्थ कायद्यात लिहून ठेवावा लागतो, एवढा हा शब्द महत्त्वाचा आहे हे मला फार बोलकं वाटतं.

रोजच्या वापरात मात्र आता 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर टिफिन' सर्रास चालतं. हे काही व्हॉट्सॲपच्या जमान्यातलं फॅड नाही, व्यक्ती कोण हे नक्की नसेल तेव्हा एकट्या माणसासाठी दे वापरणं इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. अठराव्या शतकापासून व्याकरण लिहिणाऱ्यांनी ते चूक ठरवलं, आणि आता परत मान्य झालंय. मेरियम वेब्स्टर डिक्शनरीने २०१९ चा वर्षाचा शब्द म्हणून दे निवडला आणि त्याच वर्षी आलेल्या एपीए स्टाइलच्या, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन नियमांच्या पुस्तकाच्या, सातव्या आवृत्तीनेही त्याला मान्यता दिली. ज्या व्यक्ती स्वतःसाठी ही किंवा शी ऐवजी दे वापरायला सांगतात त्यांच्यासाठी तर ते वापरायलाच हवं.

पण म्हणून वडिलांना दे लिहिलेलं बरोबर ठरत नाही, हे नीट समजून घ्या. एकेरी दे कधी, तर व्यक्ती कोण हे माहीत नसताना, किंवा कोणीही असू शकतं अशा वेळी, किंवा त्या व्यक्तीची तशी इच्छा असताना. 'इफ अ कस्टमर कॉल्स, टेल देम टू वेट.' कस्टमर कोण हे ठाऊक नाही, चालेल. 'माय फादर' कोण हे ठाऊक आहे, तिथे ही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक सूचना. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत अजूनही जुना नियम धरला जातो, म्हणजे ईच आणि एव्हरीवन नंतर एकवचन. अशा वाक्यात देअर दिसलं तर आधी बाकीचे तुकडे तपासा. दुसरीकडे ढळढळीत चूक असेल तर ती घ्या, नसेल तर देअरवरच बोट ठेवा. आणि स्वतः लिहायचं असेल तर सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे वाक्यच अनेकवचनात नेणं, 'ऑल स्टुडंट्स शुड ब्रिंग देअर टिफिन्स.' कोणताही परीक्षक यात चूक काढू शकत नाही. 'हिज ऑर हर' एकदा ठीक आहे, पण परिच्छेदात पाच वेळा आलं की वाचवत नाही.

टीम, कमिटी, पोलीस

समूहाचा शब्द आला की क्रियापदाकडे बघा. 'द कमिटी हॅज गिव्हन इट्स रिपोर्ट' बरोबर, कमिटी एक म्हणून वागतेय. 'द कमिटी आर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स' हेही ब्रिटिश पद्धतीत बरोबर, कारण सदस्य वेगवेगळे झाले. हॅज आणि देअर एकाच वाक्यात एकत्र आलं की मात्र खटकतं. एकदा एक पक्ष निवडला की शेवटपर्यंत तोच ठेवा.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे न शिकवता येतं. कॉमेंट्रीत 'इंडिया हॅव वन द टॉस अँड दे हॅव चोजन टू बॅट' ऐकतो, तिथे इंडिया म्हणजे अकरा खेळाडू. आणि चांद्रयानाच्या बातमीत 'इंडिया लँडेड इट्स स्पेसक्राफ्ट ऑन द मून ऑन २३ ऑगस्ट २०२३', तिथे इंडिया म्हणजे एक देश. शब्द तोच, पण मनात काय मोजतोय त्यावर सर्वनाम बदललं.

पोलीस हा शब्द मात्र इंग्रजीत कायम अनेकवचनी. 'द पोलीस हॅव कॉट द थीफ. दे...' आपल्याकडे 'एक पोलीस आला' चालतं, इंग्रजीत एकटा असेल तर पोलीसमन किंवा पोलीस ऑफिसर म्हणा आणि मग ही किंवा शी. पीपल आणि कॅटल पण कायम दे.

केस, कात्री आणि चष्मा

या गटात मराठी आणि इंग्रजी अगदी उलट चालतात. केस मराठीत अनेक, 'ते गळतायत', इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून हेअर एकवचनी, म्हणून 'माय हेअर इज लाँग, आय ऑइल इट ऑन संडेज.' पोहे झाले, ते गरम आहेत, पण 'द पोहा इज रेडी, इट इज हॉट.' आणि याच्या उलट कात्री ती, चष्मा तो, पॅन्ट ती, आपल्याकडे एकेकच, पण इंग्रजीत सिझर्स, स्पेक्टॅकल्स, ट्राउझर्स सगळे दे. 'व्हेअर आर माय स्पेक्टॅकल्स? आय केप्ट देम हिअर.' दोन पाती, दोन काचा, दोन पाय असं डोळ्यासमोर आणलं की लक्षात राहतं. यांच्याआधी 'अ पेअर ऑफ' लावलं तर परत इट.

इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस, न्यूज हे सगळे इट. न्यूजच्या शेवटी एस आहे त्याला भुलू नका.

अँड, ऑर, आयदर, नायदर

अँडने जोडलं की दे, सोपं आहे. एकच जागा बघण्यासारखी आहे. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर' यात द एकदाच आलाय, म्हणजे दोन्ही पदं एकाच माणसाकडे, म्हणून हिज किंवा हर. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' यात द दोनदा, माणसं दोन, म्हणून देअर. गृहनिर्माण सोसायटीच्या नोटिशीत हा एक द राहिला की सही नक्की किती जणांची हवी हाच प्रश्न पडतो. आणि 'एव्हरी बॉय अँड एव्हरी गर्ल' मधे अँड असूनही एकवचन, कारण एव्हरी.

ऑर आणि नॉर असेल तर जवळचं नाम जिंकतं. 'नायदर सुरेश नॉर हिज फ्रेंड्स ब्रॉट देअर टिकेट्स.' फ्रेंड्स जवळ आहे म्हणून देअर. अनेकवचनी नाम दुसऱ्या जागी ठेवलं तर वाक्य कानाला बरं लागतं. 'आयदर राहुल ऑर मीना' असं एक पुरुष एक बाई आलं तर हिज की हर यावर डोकं शिणवू नका, 'आयदर राहुल लेफ्ट हिज अम्ब्रेला हिअर ऑर मीना लेफ्ट हर्स' असं मोकळं करून लिहा.

'तो म्हणाला की मी येतो'

हा भाग जरा नीट वाचा, कारण यात अर्थच बदलतो आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण 'मी' आणि 'तू' तसेच ठेवतो. 'सर म्हणाले की मी उद्या येतो.' ऐकणाऱ्याला कळतं की येणार सर. तेच इंग्रजीत 'सर सेड दॅट आय विल कम टुमारो' झालं की अर्थ होतो, मी, म्हणजे निरोप सांगणारा, येणार. इंग्रजीत दॅट नंतरचा आय कायम लिहिणाऱ्याचा, कारण तिथे बाण वाक्याबाहेर, लिहिणाऱ्याकडे जातो. म्हणून 'सर सेड दॅट ही वुड कम टुमारो.' निरोपाचा मेसेज पाठवण्याआधी प्रत्येक आय आणि यू वर एकदा थांबून विचारा, हा आय नक्की कोण?

पण आय काढून ही घातला की दुसरी अडचण उभी राहते. 'रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड फेल्ड.' नापास कोण? मराठीत 'मी नापास झालो' की 'तू नापास झालास' यावरून लगेच कळतं, इंग्रजी ही मधे दोघेही मावतात. बाण दोन ठिकाणी टेकतो म्हटलं होतं ते हेच. उपाय दोन, नाव परत लिहा, किंवा अवतरणचिन्हांत त्याचे शब्द तसेच द्या, 'रमेश सेड टू सुरेश, "आय हॅव फेल्ड."' नाव दोनदा आलं तर वाईट दिसेल अशी भीती बाळगू नका, दिसायला थोडं जड असलेलं पण स्पष्ट वाक्य कधीही चांगलं.

बाण कुठेच न टेकणारा प्रकार पण आपल्याकडे घरोघरी आहे. इंटरव्ह्यूमधे 'मायसेल्फ संदीप.' मायसेल्फला मागे आय लागतो, तो इथे नाहीच. 'आय ॲम संदीप' म्हणा, किंवा 'माय नेम इज संदीप'. 'आय डिड इट मायसेल्फ' मधे आय आहे म्हणून तिथे मायसेल्फ ठीक.

आणि एका वाक्यात माणूस बदलू नका. 'इफ अ स्टुडंट वर्क्स हार्ड, यू विल पास' यात स्टुडंटने सुरुवात झाली आणि मधेच यू आलं. बोलताना आपण 'माणसाने कष्ट केले की तुम्हाला फळ मिळतं' असं बोलून जातो, लिहिताना एकच धरा.

आता एक मेल तपासूया

क्लासला येणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांकडून मी हा सराव करून घेते. रजेचा मेल आहे, मुद्दाम चुका ठेवल्यात.

'डिअर सर, माय ग्रँडफादर इज इल. दे आर इन हॉस्पिटल ॲट मिरज. द डॉक्टर हॅज गिव्हन देम सम मेडिसिन्स अँड टोल्ड मी दॅट यू शुड स्टे विथ देम. वन ऑफ माय अंकल्स इज कमिंग विथ देअर वाइफ ऑन संडे. आय हॅव कलेक्टेड ऑल द इन्फर्मेशन अँड विल सेंड देम टुमारो.'

पेन्सिल घ्या. पहिला दे, बाण ग्रँडफादरकडे, बोट एकच, म्हणून ही, आणि त्यामुळे आर चं इज. दोन्ही देमचं तसंच, हिम. मग यू. मेल सरांना आहे, म्हणजे इथे यू म्हणजे सर, आणि वाक्याचा अर्थ झाला की सरांनी आजोबांजवळ थांबावं. डॉक्टरांचे शब्द 'तू थांब' असे होते, ते तसेच उतरलेत. पुढे वन ऑफ माय अंकल्स, बोटाने झाका, वन उरला, म्हणून हिज वाइफ. शेवटचा देम इन्फर्मेशनकडे जातो, म्हणून इट. मेडिसिन्सला हात लावायचा नाही, ते बरोबर आहे.

'डिअर सर, माय ग्रँडफादर इज इल. ही इज इन हॉस्पिटल ॲट मिरज. द डॉक्टर हॅज गिव्हन हिम सम मेडिसिन्स अँड हॅज टोल्ड मी टू स्टे विथ हिम. वन ऑफ माय अंकल्स इज कमिंग विथ हिज वाइफ ऑन संडे. आय हॅव कलेक्टेड ऑल द इन्फर्मेशन अँड विल सेंड इट टुमारो.'